भोसरीच्या युनिटला लीज्ड लाईन हवी का? आधी तुमच्या दोन केबल कुठून येतात ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भोसरी एमआयडीसीत सीएनसी जॉबवर्कचं युनिट आहे, ऑफिस आणि शॉपफ्लोअर धरून चाळीस माणसं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फायबर ब्रॉडबँड आहेत, एक २०० एमबीपीएसचा, दुसरा १०० चा. तरी रोज अकरा ते एक या वेळात ईआरपी (ऑर्डर-स्टॉक-हिशोबाचं सॉफ्टवेअर) अडकतो, कस्टमरबरोबरचे व्हिडिओ कॉल तुटतात. या पावसाळ्यात तर दोन्ही लाईन एकाच दिवशी गेल्या आणि जवळजवळ दोन दिवस आल्या नाहीत. आता एका कंपनीने ५० एमबीपीएसच्या लीज्ड लाईनचं, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखीव जोडणीचं, कोटेशन दिलंय, सध्याच्या दोन्ही बिलांच्या बेरजेच्या सातपट. ती घ्यावी, फाइव्ह-जी घ्यावं, की सॅटेलाइट इंटरनेटची वाट बघावी?

मी बावीस वर्षं पुणे-चाकण-सातारा पट्ट्यात कारखान्यांना आणि ऑफिसांना नेटवर्क जोडून देतोय. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची दुखणी दोन आहेत आणि तुम्ही दोन्हींवर एकच औषध शोधताय. रोज दुपारी नेट मंद होतं हे एक. दोन्ही लाईन एकदम गेल्या हे दुसरं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि लीज्ड लाईन घेतली तरी दोन्ही तशीच राहू शकतात. कोटेशनवर सही करण्याआधी दोन्ही वेगवेगळी तपासू.

आधी मंदपणा. तुम्ही लिहिलंय की स्पीड टेस्ट केली की १८० च्या वर आकडा येतो, मग अडकतं कुठे? तो आकडा डाउनलोडचा आहे. त्याच्या शेजारी अपलोडचा आकडा असतो, तो कुणी बघत नाही. टेस्ट बहुधा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी केलेली असते, अकरा वाजता नाही.

चाकणला एका पॅकेजिंगच्या कारखान्यात अगदी हेच झालं होतं. मालक म्हणाले, लाईन बदलून द्या. मी लॅपटॉप राउटरला लावला आणि पिंग (संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणं) चालू करून बसलो. पावणेअकरापर्यंत ६-७ मिलिसेकंद. अकराला आकडा चढायला लागला, ४०, २००, मग थेट ९०० च्या घरात. अपलोडचा आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ, वरच्या टोकाला टेकलेला. शोध घेतला तर सोळा कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) पूर्ण दर्जाचं चित्र क्लाउडवर ढकलत होता. त्यात डिझाइनवाल्याचा पीसी रोज सकाळी कामाचं फोल्डर ड्राइव्हवर सिंक करायला घ्यायचा. अपलोड भरून गेलं की डाउनलोडही रखडतं, कारण तुम्ही काहीही उतरवत असलात तरी 'मिळालं' ही पोच त्याच अपलोडच्या वाटेने परत जावी लागते. कॅमेऱ्यांचा सबस्ट्रीम, म्हणजे हलक्या दर्जाचं चित्र, क्लाउडला लावला, मूळ रेकॉर्डिंग जागेवरच्या हार्ड डिस्कवर ठेवलं, सिंक रात्री दहानंतर नेलं, आणि राउटरमध्ये कॉल आणि ईआरपीला अग्रक्रम दिला. लाईन तीच राहिली आणि तक्रार गेली.

तुमच्याकडेही हेच असेल असं मी छातीठोक सांगत नाही. पण शक्यता मोठी आहे, आणि तपासायला खर्च नाही. राउटरमधून एक आठवडाभर अपलोड-डाउनलोडचा आलेख काढा. अकरा ते एक अपलोड टेकलेलं दिसलं तर दुखणं तुमच्या घरातलं आहे. आलेख निम्म्यावर असूनही पिंग चढत असेल तर बाहेरचं. ब्रॉडबँडची फायबर बहुधा जीपॉन पद्धतीची असते. एका फायबरवर साधारण २.५ जीबीपीएस उतरतं आणि १.२५ चढतं, आणि ते स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटलेलं असतं. औद्योगिक वसाहतीत सगळ्यांची गर्दी एकाच वेळी होते. तसं असेल तर कंपनीकडे आलेख घेऊन जा. नुसतं 'स्लो आहे' म्हटलं की ते राउटर रिस्टार्ट करायला सांगतात, वेळेसकट आलेख दाखवला की बोलणं पुढे जातं.

आता दुसरं दुखणं, आणि मला जास्त काळजी याचीच वाटते. दोन कंपन्या घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या असं होत नाही.

काही वर्षांपूर्वी तळेगाव-चाकण रस्त्यालगतच्या एका युनिटची लाईन गेली म्हणून गेलो होतो. दोन कंपन्या, दोन ओएनटी (फायबर जिथे येऊन संपते तो कंपनीचा डबा), दोन्हींवर लाल दिवा लुकलुकत होता. रस्त्याच्या कडेने चालत गेलो. सहाशे-सातशे मीटरवर ड्रेनेजचं काम चालू होतं, जेसीबीचा बकेट ज्या चरात उतरला होता तिथे तीन रंगांचे डक्ट फाटून वर आले होते. दुपारपर्यंत दोन कंपन्यांची दोन पथकं आली आणि एकाच खड्ड्याच्या दोन कडांवर बसली. एका पथकाने स्प्लायसिंग मशीनवर छत्री धरलेली, दुसऱ्याने ताडपत्री. केसापेक्षा थोडी जाड काच सोलायची, स्पिरिटने पुसायची, टोक सपाट कापायचं, मशीनमध्ये वितळवून जोडायची, वर स्लीव्ह चढवायची, आणि हे एकेका कोअरला, म्हणजे केबलमधल्या प्रत्येक धाग्याला. पावसात ओलावा लागला की जोड पुन्हा करावा लागतो. रात्री साडेनऊला एक लाईन आली, दुसरी दुसऱ्या दिवशी. त्या मालकाने बॅकअपसाठी चार वर्षं दुसरं बिल भरलं होतं, आणि दोन्ही केबल एकाच चरातून येत होत्या.

तुमच्या दोन्ही लाईन एकदम गेल्या आणि दोन दिवस आल्या नाहीत, यावरून मला हाच संशय येतो. तपासायचं कसं? चालत जा. भिंतीतून बाहेर पडणाऱ्या दोन्ही काळ्या वायरी डोळ्यांनी धरा आणि पोल मोजत मागे जा. बहुतेक ठिकाणी दोनशे-तीनशे मीटरच्या आतच उत्तर सापडतं: दोन्ही एकाच पोलवर, एकाच बंडलमध्ये लटकतायत, किंवा एकाच चेंबरमध्ये उतरतायत. पुढे जमिनीखालून जात असतील तर कंपनीकडे रूटचा नकाशा मागा. ब्रॉडबँडच्या ग्राहकाला तो सहसा देत नाहीत, पण लाईनमनला चहा पाजून विचारलंत तर तो वाट तोंडी सांगतो, आणि त्याला ती बरोबर माहीत असते. खोदणाऱ्याने आधी केबलवाल्याला कळवावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. ते वापरलं गेलं तर चांगलंच आहे. पण तुमचा धंदा त्याच्या भरवशावर ठेवू नका.

जाता जाता एक: ओएनटीच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल पॉवर दिसते. उणे १८ ते उणे २४-२५ डीबीएम असेल तर ठीक. उणे २७ च्या आसपास असेल तर वाटेत कुठेतरी जोड खराब आहे किंवा वायर वाकलेली आहे, आणि पहिल्या जोरदार पावसात ती लाईन जाणार. आजच तक्रार नोंदवा.

मग लीज्ड लाईन कशासाठी असते? मी या कामात आलो तेव्हा कारखान्याला नेट म्हणजे तांब्याच्या जोडीवरची ६४ किंवा १२८ केबीपीएसची लाईन, ऐपत असेल तर 'दोन एमबी'ची. दोन्ही टोकांना मोठाले मोडेम आणि बँकेच्या शाखांना एमपीएलएस (शाखा जोडणारं खाजगी नेटवर्क). तेव्हा पर्यायच नव्हता. आज स्वस्त फायबर दारात आहे, म्हणून गेल्या दहा वर्षांत चित्र पालटलंय. एक महागडी भारी लाईन घेण्याऐवजी वेगवेगळ्या जातीच्या दोन-तीन स्वस्त लाईन आणि त्यांना सांभाळणारा शहाणा राउटर, अशीच मांडणी मी आता जास्त वेळा करतो. मोठ्या कंपन्या त्याला एसडी-वॅन म्हणतात आणि शाखा-शाखांचं एमपीएलएस त्यावर हलवतात. तुमच्या आकाराच्या युनिटला तेच काम चांगला ड्युअल-वॅन (दोन लाईन घेणारा) राउटर करतो.

तरीही लीज्ड लाईनला मी नावं ठेवत नाही. तिच्यात जितकं डाउनलोड तितकंच अपलोड मिळतं, तेही वाटून नव्हे. स्थिर पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) मिळतो. फोन केला की कस्टमर केअरच्या मेनूऐवजी नेटवर्क सेंटरमधला माणूस उचलतो. आणि कागदावर लिहिलेली हमी मिळते. त्या हमीचा हिशोब मात्र स्वतः करा. तीस दिवसांचा महिना म्हणजे ७२० तास. ९९ टक्के उपलब्धता म्हणजे महिन्याला सात तासांहून जास्त बंद चालेल. ९९.५ म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. ९९.९ म्हणजे साधारण ४३ मिनिटं. तेवढ्या वेळाच्या वर गेलं तर भरपाई काय? बहुतेक करारांत भाड्यातला काही हिस्सा पुढच्या बिलात वळता होतो. तुमचा माल अडकला त्याचे पैसे कुणी देत नाही. आणि जेसीबीला लीज्ड लाईन आणि ब्रॉडबँड यांतला फरक कळत नाही. 'रिंग प्रोटेक्शन आहे', म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालतं, असं सेल्सवाला सांगेल. ते खरंही असतं, पण ती रिंग बहुधा कंपनीच्या जवळच्या केंद्रापर्यंत (पीओपी). तिथून तुमच्या गेटपर्यंतचा शेवटचा तुकडा एकेरीच असतो, आणि तुटतो तोच. म्हणून कोटेशन देणाऱ्याला एकच प्रश्न लेखी विचारा: शेवटचा टप्पा फायबर आहे की रेडिओ, आणि कोणत्या बाजूने येणार? तो सध्याच्याच पोलवरून येणार असेल, तर सातपट पैसे देऊन तुम्ही तिसरी वायर त्याच बंडलमध्ये बांधताय.

इथे तुमच्याकडून एक माहिती हवी होती, ती तुम्ही लिहिलेली नाही, आणि निम्मा निर्णय तिच्यावर आहे. ईआरपीचा सर्व्हर कुठे आहे? तुमच्याच ऑफिसात असेल आणि दुसरं युनिट किंवा घरून काम करणारा अकाउंटंट बाहेरून तो उघडत असेल, तर तुम्हाला स्थिर आयपी आणि भरवशाचं अपलोड लागतं. तिथे लीज्ड लाईनला अर्थ आहे. पण ५० कशाला? २० पुरेल. फायबर एकदा आत आली की पुढे वेग वाढवणं हे बहुधा कॉन्फिगरेशनचं काम असतं, नवी खोदाई लागत नाही. वर्षाचा करार, एकदाच लागणारे जोडणीचे पैसे आणि मध्येच सोडली तर काय, हे तीन मुद्दे नीट वाचा. १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणून तुलना करताना कर बाजूला ठेवून आकडे लावा.

ईआरपी क्लाउडवर असेल तर गणित उलटतं. ईआरपीचे फॉर्म फार डेटा खात नाहीत, त्यांना पिंग कमी आणि स्थिर लागतो. मग सर्व्हर कोणत्या प्रदेशात आहे ते विचारा. मुंबई किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर उत्तम. युरोपात असेल तर सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा जसं नेट मंदावलं तसं पुन्हा होऊ शकतं, आणि भोसरीत कितीही महाग लाईन घेतली तरी त्यावर इलाज नाही.

दुसरा हिशोब: तासभर नेट नसेल तर नेमकं काय थांबतं? तुमच्या सीएनसी मशिनी थांबत नाहीत, प्रोग्रॅम आतल्या नेटवर्कवरून जातात. थांबतो तो गेटवरचा टेम्पो. पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे, आणि परराज्यात पन्नास हजारांच्या वरचा माल ई-वे बिलाशिवाय हलत नाही. पण ही दोन्ही कामं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पाच मिनिटांत होतात. म्हणजे थोड्या वेळाचा खंड तुम्हाला सोसतो, दोन दिवसांचा सोसत नाही. चोवीस तास कॉल घेणारं कॉल सेंटर असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

म्हणजे आतापर्यंत इतकं: दुपारचा मंदपणा बहुधा अपलोडचा आहे, तो आधी घरात बघा. दोन दिवसांचा खंड बहुधा एकाच वाटेचा आहे, त्यावर वेग वाढवून उपयोग नाही, वाट बदलायला हवी.

वाट बदलायची तर जमीन सोडून हवेतून जाणं सगळ्यात सोपं, म्हणून फाइव्ह-जीवर थोडं सविस्तर लिहितो. भारतात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी त्यावर घराघरांत-ऑफिसात बसवायच्या 'एअरफायबर' जोडण्या आल्या, पुण्यात सप्टेंबर २०२३ पासून. बॅकअपसाठी आज मी पहिल्यांदा हाच पर्याय तपासतो. पण डोळे उघडे ठेवून. पत्र्याच्या शेडमध्ये आत ठेवलेला डबा बराचसा सिग्नल गमावतो. बाहेरचा युनिट टॉवरच्या दिशेने, गच्चीवर किंवा शेडच्या त्रिकोणी भिंतीवर लावा, तिथून आत नेटवर्क केबल शंभर मीटरच्या आत ठेवा, आणि अर्थिंग नीट करून घ्या, कारण वीज कोसळली की त्या केबलवरून थेट राउटरपर्यंत येते. कंपनी नेमकी कोणती जोडणी देतेय हेही विचारा. काही ठिकाणी एअरफायबर या नावाने खुल्या बँडवरचा रेडिओ बसवतात, तो फाइव्ह-जी नसतो. तोही चालतो, पण आजूबाजूच्या वायफायची गर्दी त्याला बाधते.

आणखी दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. टॉवरही शेवटी बहुधा फायबरवरच उभा असतो. म्हणून हवेतली लाईन तुमच्या फायबरवाल्या कंपनीची घेऊ नका, दुसऱ्या कंपनीची घ्या. दुसरं म्हणजे या जोडणीवर सहसा स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही. एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले असतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरला १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला पत्ता दिसला की समजायचं तेच आहे. त्यामुळे बाहेरून आत येणारा व्हीपीएन किंवा कॅमेरा त्या लाईनवर उघडणार नाही. आतून बाहेर जाणारा बोगदा काढावा लागतो.

सॅटेलाइटबद्दल थोडक्यात. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला. त्यांचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात. जुन्या व्हीसॅटचे उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर असतात, म्हणून त्यात नुसत्या जाण्या-येण्यालाच अर्धा सेकंद जातो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची साईट असती, तर मी हा पर्याय वर घेतला असता. भोसरीत तुमच्या भोवती तीन-चार मोबाईल कंपन्यांचे टॉवर आहेत, तुम्ही थांबू नका.

आता राउटर. तुम्ही लिहिलंय की एक लाईन गेली की ऑफिसातला मुलगा वायर काढून दुसऱ्या डब्यात लावतो. हे बंद करा. ड्युअल-वॅन राउटर घ्या, आणि बसवणाऱ्याला विचारा की लाईन मेली हे राउटरला कळणार कसं. ओएनटीची वायर जोडलेली आणि दिवा हिरवा, म्हणजे लाईन जिवंत, असं मानणारे सेटिंग मी अनेक ठिकाणी पाहिलेत. फायबर दूर कुठेतरी तुटलेली असते, ओएनटी आणि राउटर यांच्यातली दोन मीटरची वायर मात्र शाबूत असते. सगळं ऑफिस बंद, आणि राउटर समाधानी. राउटरने दर काही सेकंदांनी बाहेरच्या दोन वेगळ्या पत्त्यांना पिंग करून बघितलं पाहिजे, आणि दोन्ही गप्प झाले तरच लाईन बदलली पाहिजे. एकच पत्ता ठेवलात तर तो पत्ता बंद पडला की उगाच उडी मारतो.

लाईन बदलली की तुमचा बाहेरचा आयपी बदलतो. ईआरपीवाल्याने किंवा बँकेने तुमचा आयपी नोंदवून घेतला असेल, किंवा ई-इनव्हॉइससाठी तुमच्या सॉफ्टवेअरची थेट (एपीआय) जोडणी असेल, तर ऐन वेळी दार बंद मिळतं. दुसऱ्या लाईनचा स्थिर आयपी मिळत असेल तर तोही आधीच नोंदवा. मिळत नसेल तर ते काम पोर्टलवरून हाताने कसं करायचं ते अकाउंटंटला शिकवून ठेवा. आणि वीज: ओएनटी, राउटर, एअरफायबरचा डबा, आणि त्यांना जोडणारा स्विच, हे चारही एका छोट्या यूपीएसवर हवेत. स्विच विसरला की बाकी तिघं जागे राहून उपयोग नाही.

तुमच्या जागी मी असतो तर २०० ची फायबर ठेवली असती, अपलोड सुधारून. १०० ची त्याच पोलवरून येत असेल तर ती सोडून तिसऱ्या कंपनीचं फाइव्ह-जी घेतलं असतं, गच्चीवर. ती वेगळ्या रस्त्याने येत असेल तर मात्र ठेवली असती, दोन वेगळ्या वाटांची फायबर मिळणं भाग्याचं आहे. राउटर आणि यूपीएस यांचा खर्च कोटेशनमधल्या लीज्ड लाईनच्या काही महिन्यांच्या भाड्यात भागेल. सर्व्हर तुमच्याकडेच असेल तर २० एमबीपीएसच्या लीज्ड लाईनचं नवं कोटेशन मागवा आणि फाइव्ह-जी तिच्या मागे बॅकअप ठेवा.

हे सगळं बसलं की येत्या गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला, ऑफिसात या. अकाउंटंटला ई-वे बिलाचं पान उघडून बसवा. ओएनटीच्या मागचा हिरव्या टोकाचा फायबर कनेक्टर हलक्या हाताने काढा, डब्याची वीज मात्र चालू ठेवा, म्हणजे बाहेर फायबर तुटल्यासारखीच स्थिती होईल. टोकाला बोट लावू नका, डोळ्यासमोर धरू नका, कनेक्टरवर लगेच त्याची प्लास्टिकची टोपी चढवा. घड्याळ लावा. अर्ध्या मिनिटाच्या आत अकाउंटंटचं पान पुन्हा चालायला हवं. नाही चाललं तर बसवणाऱ्याला तिथूनच फोन करा, त्याचं बिल अजून चुकतं केलेलं नसेल तेव्हाच.